पूररेषा, डीपी रोड आणि गट नकाशा एकाच कागदावर

नाशिकच्या मखमलाबाद शिवारात नदीकडेला जमीन असेल आणि वाटणी किंवा विक्री काढली असेल, तर आधी सीबीएस बसस्टँडच्या मागच्या गल्लीतल्या नकाशेवाल्याकडे जाऊन या. पाटी झेरॉक्सची आहे, धंदा वेगळाच. गट नकाशा, शहराचा विकास आराखडा (म्हणजे डीपी) आणि गोदावरीची पूररेषा, तिन्ही कॉम्प्युटरवर एकमेकांवर बसवून तो एक कागद काढून देतो.

याला पैसे कशाला, असं थोरल्या भावाने विचारलंच. गट नकाशा महाभूनकाशा या सरकारी साइटवर फुकट दिसतो, डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत निघतो. कबूल. पण गट नकाशा भूमी अभिलेखचा, आराखडा महापालिकेचा, पूररेषा जलसंपदाची. आपला बांध निळ्या रेषेच्या आत की बाहेर, ते यातल्या कुठल्याच एका कागदावरून कळत नाही. निळी म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळीच्या आत बांधकाम निषिद्ध, आणि जमिनीचा भाव त्यावरच ठरतो. नदीतला दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला यावर पूर ओळखणाऱ्या आमच्या वडिलांना हे पटवताना नाकी नऊ आले.

पहिल्यांदा नकाशे चढवले तेव्हा आमचा अर्धा मळा नदीच्या पात्रात! नकाशेवाला पोरगा शांतपणे म्हणाला, "काका, नदी नाही सरकली, कागद सरकलाय." जुनी मोजणी 33 फुटी साखळीची, गावागावाची स्वतंत्र, त्या नकाशांवर अक्षांश-रेखांश नाहीत. मग त्याने उपग्रहाच्या चित्रात आमची जुनी विहीर, शिवेचा दगड आणि रस्त्याचा तिठा शोधला, तीन ठिकाणी टाचणी मारल्यासारखा नकाशा फिरवून बसवला. उत्तरेच्या कोपऱ्यात जुळेना, तर तिथली रेघ तुटक ठेवली आणि शेजारी लिहिलं : "दहा-पंधरा फूट मागेपुढे धरा." मला त्याचं हेच आवडलं. दुसऱ्या कुणी ठळक रेघ मारून मोकळं केलं असतं.

दिल्लीत 2021 पासून केंद्र सरकारच्या गतिशक्ती या नकाशा-पोर्टलच्या पडद्यावर रेल्वे, महामार्ग, जंगल असे वेगवेगळ्या खात्यांचे थर एकत्र बघतात. तो मुळात सरकारी खात्यांसाठी बांधलेला. सातबारावाल्याला गल्लीतलं दुकानच गाठावं लागतं.

तक्रारी आहेत. फोन उचलत नाही. उद्या म्हणाला की आठवडा धरायचा. रंगीत प्रिंटमध्ये डीपी रोडचा पट्टा आणि लाल रेषा इतक्या सारख्या रंगात आल्या की आम्ही त्याला दुसरी प्रत काढायला लावली. तिचे पैसे मात्र घेतले नाहीत.

आणि हा कागद घेऊन बँकेत किंवा कोर्टात जाऊ नका. तिथे सरकारी मोजणीची क प्रतच, म्हणजे मोजणीनंतर मिळणारा अधिकृत नकाशाच लागतो. भावाभावांत बसून बोलायला आणि बिल्डरच्या माणसाला गप्प करायला मात्र पुरतो.