डिजीलॉकर: आतली जोडणी झकास, खिडकीवर मात्र झेरॉक्सच

स्टार द्यायचे तर डिजीलॉकर या कागदपत्रांच्या सरकारी अ‍ॅपला चार, आणि ज्या ऑफिसांत ते दाखवायचं असतं त्यांना दीड. बहुतेक रिव्ह्यू 'ओटीपी येत नाही' नाहीतर 'बेस्ट अ‍ॅप' इथेच संपतात म्हणून जरा सविस्तर लिहितोय, कारण माझं पोटापाण्याचं कामच वेगवेगळ्या सिस्टिम एकमेकींना जोडायचं आहे, आणि डिजीलॉकर आतून कसं चालतं हे माहीत नसेल तर शिव्या भलत्यालाच जातात.

आधी एक गैरसमज. लोकांना वाटतं आपली कागदपत्रं सगळी डिजीलॉकरमध्ये 'ठेवलेली' आहेत. १ जीबी जागा मिळते ती तुम्ही स्वतः टाकलेल्या स्कॅनसाठी. 'इश्यूड डॉक्युमेंट्स'मध्ये जे दिसतं त्याचा तिथे फक्त पत्ता असतो, म्हणजे कोणी दिलं, कुठल्या प्रकारचं आहे, नंबर काय. लायसन्स मागवलं की विचारणा जाते परिवहन खात्याच्या 'सारथी' या लायसन्सच्या सिस्टिमकडे, आरसी मागवली की 'वाहन' या गाड्यांच्या नोंदीच्या सिस्टिमकडे, आणि तिथून सही झालेली प्रत येते. म्हणजे गाडीचं लोन फिटलं, आरटीओत बोजा उतरवला, की रिफ्रेश केल्यावर नवीन आरसी दिसायला हवी, मोबाईलमधला जुना फोटो मात्र जन्मभर बँकेचं नाव दाखवत बसणार.

आयटीवाले याला सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चर (सोआ) म्हणतात, थोडक्यात ज्याची नोंद त्याच्याकडेच राहू दे, बाकीच्यांनी ठरलेल्या पद्धतीने विचारावं. खात्याने आत जुना ओरॅकल डेटाबेस वापरावा नाहीतर अजून काही, बाहेर बोलायची भाषा एकच. नाहीतर २० सिस्टिम एकमेकींना थेट जोडायच्या तर १९० जोडण्या होतात आणि मधे एक ठरलेला दरवाजा ठेवला तर २०च, हिशोब इतका सरळ आहे. प्रायव्हेटमध्ये आम्ही हेच सोआच्या नावाने बघितलंय, भारी भारी ईएसबी, म्हणजे सगळ्या सिस्टिमना मधे जोडणारी सॉफ्टवेअरची 'बस', विकत घेतल्या, मग प्रत्येक टीमने आपलं लॉजिक त्या बसमध्येच कोंबलं आणि शेवटी ती बसच अशी झाली की तिला हात लावायची कोणाची हिंमत नाही. डिजीलॉकरने मधला भाग बारीक ठेवलाय, कागद कोणाचा, मागतोय कोण, मालकाची परवानगी आहे का, एवढंच. सरकारी प्रोजेक्टकडून मला ही अपेक्षा नव्हती, खरं सांगतो. ओपन एपीआयचं, म्हणजे सिस्टिमनी एकमेकींना विचारायच्या खुल्या दरवाजांचं, केंद्राचं धोरण आणि डिजीलॉकर दोन्ही २०१५चे, त्याचा थोडाफार हात असावा.

सगळ्यात चांगला वापर बघायचा असेल तर एखादं डिमॅट खातं उघडून बघा. अ‍ॅप तुम्हाला डिजीलॉकरवर नेतं, काय काय घेणार ते दाखवतं, तुम्ही हो म्हणता, आधार आणि पॅनचा डेटा थेट त्यांच्या सिस्टिममध्ये जातो आणि फॉर्म आपोआप भरतो. कागद नाही, टायपिंग नाही. इथे कंपनीचं सॉफ्टवेअर स्वतः विचारणा करतं, माणूस मधे नसतो, आणि खरी मजा त्यातच आहे.

आता सरकारी खिडकी. माझ्या पुतण्याच्या अ‍ॅडमिशनला कॉलेजच्या क्लार्कने सांगितलं, डिजीलॉकरची मार्कशीट चालेल पण तिची प्रिंट काढा, झेरॉक्स जोडा आणि ट्रू कॉपीचा शिक्का मारून आणा! डिजिटल सही असलेली फाईल, ती कागदावर उतरवली की सही तपासायची सोयच गेली, आणि वर पेनाने सही. त्यात त्या बाईंची चूक आहे असं मला वाटत नाही, त्यांच्या स्क्रीनवर सीट नंबर टाकून बोर्डाकडून मार्क ओढायचं बटणच नाही तर त्या करणार काय. कागद देणारी खाती जोडली गेली, घेणाऱ्यांच्या बाजूला मात्र अजून फाईल आणि पंचिंग मशीन.

नियम नाहीत असं नाही. डिजिटल लॉकरच्या २०१६च्या नियमांत २०१७ साली दुरुस्ती होऊन डिजीलॉकरमधले इश्यूड कागद मूळ प्रतीच्या बरोबरीचे मानायचे असं ठरलंय. पण ते 'दाखवलं तर माना' एवढंच झालं, 'मागूच नका' असं कुठे म्हटलंय? एस्टोनियात एक्स-रोड, म्हणजे सरकारी खात्यांच्या सिस्टिम जोडणारी तिथली व्यवस्था, २००१ पासून चालू आहे, तिथल्या कायद्यात तीच माहिती गोळा करायला वेगळा डेटाबेस उभा करायलाच मनाई आहे, त्यामुळे ऑफिसला दुसऱ्या खात्याकडे विचारणा करावीच लागते. टेक्नॉलॉजीत आपण फार मागे आहोत असं मला वाटत नाही, मागे आहोत ते या एका ओळीत.

दुसरी डोकेदुखी नावाची, आणि ती आपल्या महाराष्ट्रात जरा जास्तच. एसएससीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, आईचं नाव वेगळ्या रकान्यात. आधारवर स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. पॅनवर कोणीतरी वडिलांचं नाव गाळलेलं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं तर विचारूच नका. कागद मागवताना समोरचं खातं आपल्याकडचं नाव आधारशी ताडून बघतं आणि ताडायचं किती कडक ते ज्याने त्याने ठरवलेलं, त्यामुळे एका खात्याला चालणारं नाव दुसऱ्याला चालत नाही आणि आपल्याला नुसतं 'डिटेल्स डू नॉट मॅच' दिसतं. कुठलं अक्षर जुळलं नाही ते तरी सांगा की राव.

तसंच सर्व्हर बंद असेल तर. खात्याची सिस्टिम झोपलेली असते पण एरर डिजीलॉकरमध्ये दिसतो, मग प्ले स्टोअरवर एक स्टार डिजीलॉकरला. साखळीतली एक कडी पडली की सगळंच पडल्यासारखं वाटतं, हा या पद्धतीचा जुनाच दुखरा भाग आहे. कुठल्या खात्याची सेवा आत्ता चालू आहे, कुठली बंद, हे दाखवणारं एक साधं पान मला होम स्क्रीनवर हवंय, बाकी बॅनर काढून टाका.

सिक्युरिटीबद्दल विचारणाऱ्यांसाठी, २०२० मध्ये लॉगिनमध्ये मोठी चूक सापडली होती, दुसऱ्याच्या खात्यात शिरता येईल अशी. संशोधकांनी कळवल्यावर ती दुरुस्त केली गेली. मी तरीही वापरतो, फक्त ६ आकडी पिन जन्मतारीख ठेवू नका आणि कुठल्या अ‍ॅपला परवानगी दिलीय ते अधूनमधून बघून नको ती काढून टाका, हे कोणीच करत नाही.

प्रवासाला निघताय तर एवढं बघा, रेल्वेने २०१८लाच सांगितलंय की डिजीलॉकरमधलं आधार आणि लायसन्स ओळखपत्र म्हणून चालेल, पण 'इश्यूड'मधलं. स्वतः स्कॅन करून 'अपलोडेड'मध्ये टाकलेलं चालत नाही. त्यामुळे स्टेशनवर नेट जाण्याआधी घरीच कागद मागवून घ्या आणि एकदा उघडून बघा कुठल्या टॅबमध्ये आहे ते, टीसीशी त्यावरून हुज्जत घालून उपयोग नाही.