बफर-राइटमधली रेस कशी मोडायची: लॉक, बॅरियर, वेगळी प्रत की फेरतपासणी

फाइलसिस्टिमच्या बफर-राइटमध्ये (आधी मेमरीतल्या बफरात लिहून मग डिस्कवर पोचवण्यात) रेस कंडिशन, म्हणजे दोन थ्रेडांपैकी आधी कोण पोचतो यावर निकाल बदलणारी चूक, सापडली की हात आधी लॉककडे जातो, आणि बहुतेक वेळा ते योग्यच असते. पण लॉक कशावर लावायचा आणि कुठपर्यंत धरायचा, हे ठरवण्याआधी दोन थ्रेडांचा वाद नेमका कशावर आहे ते शोधावे लागते. तो बफरच्या फ्लॅगवर (त्याची स्थिती सांगणाऱ्या बिटवर) असेल, बफरातल्या मजकुरावर असेल, किंवा तो बफर डिस्कवर कुठे जाणार याच्या नोंदीवर. एकाचे औषध दुसऱ्याला दिले तर रेसची फट फक्त अरुंद होते. चाचण्या पास होतात आणि बिघाड वापरकर्त्याच्या डिस्कवर उगवतो. खालची तुलना लिनक्स कर्नलच्या रचनेला धरून आहे. पेज कॅश (फाइलच्या मजकुराची मेमरीतली प्रत) आणि राइटबॅक (ती प्रत नंतर डिस्कवर पोचवणारे काम) असलेल्या इतर कुठल्याही फाइलसिस्टिमला तेच तर्क लागू पडतात.

लक्षणांवरून बराच अंदाज येतो. फ्लॅगची रेस असेल तर लिहिलेला मजकूर लगेच वाचल्यावर अगदी बरोबर दिसतो, कारण वाचन पेज कॅशमधून होते. कॅश रिकामी केली किंवा फाइलसिस्टिम अनमाउंट करून पुन्हा माउंट केली की जुना मजकूर समोर येतो. मजकुराची रेस असेल तर चेकसम (मजकुरावरून काढलेली पडताळणीची संख्या) जुळत नाही, किंवा रेड-१ च्या (एकच मजकूर दोन्हीकडे ठेवणाऱ्या) दोन डिस्कवर एकाच ब्लॉकच्या दोन आवृत्त्या सापडतात. नोंदीची रेस असेल तर फाइलच्या मध्येच शून्यांचा पट्टा दिसतो, क्वचित दुसऱ्याच फाइलचे बाइटही.

फ्लॅगची रेस: बफर लॉक की फ्लॅगचा क्रम

हरवलेल्या लेखनाची नेहमीची घडण अशी:

१. राइटबॅक बफर डिस्ककडे पाठवतो.
२. आयओ (डिस्कवरचे लेखन-वाचन) चालू असताना दुसरा थ्रेड त्याच बफरात नवा मजकूर लिहितो आणि डर्टी फ्लॅग (‘डिस्कवर लिहायचे बाकी’ ही खूण) लावायला जातो. फ्लॅग आधीच लागलेला असतो, म्हणून तो तसाच परततो.
३. आयओ संपते आणि राइटबॅक डर्टी फ्लॅग पुसतो.

नवा मजकूर आता फक्त मेमरीत आहे आणि तो लिहायचा राहिला आहे हे कुणालाच ठाऊक नाही.

पहिला पर्याय म्हणजे लिहिणाऱ्यालाही बफर लॉक घ्यायला लावणे. हे बरोबर चालते, पण बफर लॉक आयओ सुरू करताना घेतला जातो आणि आयओ संपल्यावर सुटतो. म्हणजे प्रत्येक लिहिणारा डिस्कसाठी थांबणार. फिरत्या डिस्कवर हा काळ काही मिलिसेकंदांचा असतो. ४ केबी मजकुराची मेमरीतली कॉपी मात्र एका मायक्रोसेकंदाच्या आसपास संपते. एवढ्या छोट्या कामासाठी इतके थांबणे परवडत नाही. मेटाडेटाचे (फाइलबद्दलच्या नोंदींचे) क्वचित होणारे सिंक लेखन (डिस्कवर पोचेपर्यंत थांबणारे) असेल तरच हा पर्याय चालेल.

दुसरा पर्याय म्हणजे क्रम बदलणे, आणि फ्लॅगच्या रेसला आमची पसंती त्यालाच आहे. डर्टी फ्लॅग आयओ संपल्यावर पुसायचा नाही, आयओ पाठवण्याआधी पुसायचा. तोही ‘तपास आणि पुस’ या एकाच अॅटॉमिक (मध्ये कोणी शिरू न शकणाऱ्या) क्रियेने. मग मध्ये आलेला लिहिणारा फ्लॅग पुन्हा लावतो आणि बफर पुढच्या फेरीत जातो. कधी एक लेखन जास्तीचे होईल, पण हरवणार एकही नाही.

या पर्यायात दोन ठिकाणी ठेच लागते. पहिली मेमरी बॅरियरची, म्हणजे प्रोसेसरला वाचन-लेखनाचा क्रम बदलू न देणाऱ्या सूचनेची. लिहिणारा आधी मजकूर लिहितो आणि मग ‘फ्लॅग आधीच लागलाय का’ हे वाचतो. लेखनानंतरचे वाचन पुढे सरकवणे हा एकच क्रमबदल एक्स८६ प्रोसेसरही करतो, त्यामुळे ही रेस फक्त आर्मवर दिसते असे समजू नका. इथे रिलीज-अॅक्वायर (लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या बाजूच्या हलक्या बॅरियरची जोडी) पुरत नाही, पूर्ण बॅरियर लागतो. कर्नलच्या ‘मार्क_बफर_डर्टी’मध्ये म्हणूनच फ्लॅग लागलेला दिसला तरी पूर्ण बॅरियर टाकून तो पुन्हा तपासला जातो. समोरच्या बाजूला, मूल्य परत करणारी ‘तपास आणि पुस’ क्रिया स्वतःच पूर्ण बॅरियरचे काम करते. साध्या, अॅटॉमिक नसलेल्या बिट-क्रियेने फ्लॅग पुसला तर बॅरियर जातोच, शिवाय त्याच मेमरी-वर्डमधले शेजारचे बिटही कधीतरी मागच्या किमतीवर परततात.

‘अपटुडेट’ (बफरातला मजकूर वाचण्याजोगा आहे) या फ्लॅगचे गणित वेगळे आहे. तिथे एकजण मजकूर भरून फ्लॅग लावतो आणि दुसरा फ्लॅग बघून मजकूर वाचतो. याला रिलीज-अॅक्वायरची जोडी पुरते आणि तिची उणीव मुख्यतः आर्म६४सारख्या शिथिल क्रमाच्या प्रोसेसरांवर उघडी पडते. कर्नलमध्ये या फ्लॅगच्या वाचनाला अॅक्वायरचा नियम २०२२ मध्ये लागला, यावरून ही चूक किती काळ लपून राहू शकते ते कळेल.

दुसरी ठेच आयओ फसल्यावर लागते. फ्लॅग आधीच पुसलेला असल्याने बफर स्वच्छ दिसतो. म्हणून आयओ संपवणाऱ्या फंक्शनने त्रुटी फाइलच्या मॅपिंगवर (तिच्या पेजांचा हिशेब ठेवणाऱ्या रचनेवर) नोंदवलीच पाहिजे, नाहीतर पुढचा एफसिंक (‘डिस्कवर पोचव’ ही मागणी) यशस्वी झाल्याचे सांगेल.

‘लॉक मिळाला तर लिही, नाहीतर पुढे जा’ हा तिसरा मार्ग सिंक लेखनासाठी घेऊच नये. लॉक दुसऱ्याकडे असेल तर तो जुनाच मजकूर लिहीत असण्याची शक्यता असते आणि तुमचा बदल पाठवलाच जात नाही. असेच वागणारे ‘एलएल_आरडब्ल्यू_ब्लॉक’ हे जुने फंक्शन कर्नल ६.१ मध्ये काढून टाकले गेले. तुमच्या जुन्या मॉड्यूलमध्ये ते असेल तर लॉकसाठी थांबणाऱ्या फंक्शनांनी बदला. नुसते लिहायला पाठवण्यासाठी ‘राइट_डर्टी_बफर’, आणि संपेपर्यंत थांबायचे असेल तर ‘सिंक_डर्टी_बफर’.

एका पेजमध्ये अनेक बफर: स्पिनलॉक की मोजणी

४ केबीच्या पेजमध्ये १ केबीचे ४ बफर असतील तर त्यांची आयओ वेगवेगळ्या सीपीयूंवर संपू शकते. प्रत्येकजण आपला फ्लॅग पुसून ‘अजून कोणी बाकी आहे का’ हे बघतो. मध्ये लॉक नसेल तर दोघांनाही ‘कोणी नाही’ असे दिसते आणि एकाच पेजचे राइटबॅक दोनदा संपवले जाते. इथे झोपणारा लॉक घेता येत नाही, कारण हे काम इंटरप्टमध्ये चालते. इंटरप्ट बंद करणारा स्पिनलॉक (न झोपता वाट बघणारा लॉक) हवा. बफर-हेडच्या (प्रत्येक बफरची नोंद ठेवणाऱ्या जुन्या रचनेच्या) कोडमध्ये तो पेजच्या पहिल्या बफरात असतो.

नवीन कोड लिहीत असाल तर मोजणी घ्या. पाठवताना बाकी बाइट अॅटॉमिक काउंटरमध्ये मिळवायचे, संपताना वजा करायचे, शून्यावर आणणाऱ्याने राइटबॅक संपवायचे. पाठवणाऱ्याने सुरुवातीलाच स्वतःचा १ जास्तीचा धरावा आणि शेवटी सोडावा. तो नसेल तर पहिला तुकडा इतक्या लवकर संपतो की दुसरा पाठवण्याआधीच काउंटर शून्यावर येतो. आयओमॅप या कर्नलच्या नव्या बफर-राइट कोडमध्ये हीच पद्धत आहे. २ एमबीच्या फोलिओत (सलग पेजांच्या गटात) ४ केबीचे ५१२ ब्लॉक मावतात. प्रत्येक वेळी यादी चालत जायची म्हटले तर वाईटात वाईट क्रमाने एका फोलिओमागे १ लाख ३० हजारांच्या आसपास तपासण्या होतात. काउंटरला ५१२ वजाबाक्या पुरतात.

मजकुराची रेस: थांबवायचे की प्रत काढायची

फ्लॅगचा क्रम कितीही अचूक असला तरी आयओ चालू असताना मजकूर बदलण्याला तो अडवत नाही. साध्या डिस्कवर हे चालून जाते, कारण पुढची फेरी नवा मजकूर लिहितेच. चेकसम आधी काढून मग पाठवणाऱ्या यंत्रणेत मात्र ते चालत नाही.

थांबवण्याचा मार्ग म्हणजे स्थिर पेज: राइटबॅक संपेपर्यंत लिहिणाऱ्याला रोखायचे. २०११ मध्ये कर्नल ३.० मध्ये ही कल्पना आली. सगळ्यांनाच थांबवल्याने वेग घटतो म्हणून २०१३ च्या ३.९ पासून ज्या उपकरणांना गरज आहे तेवढ्यांसाठीच थांबणे ठेवले गेले. प्रत काढण्याच्या मार्गात कोणी थांबत नाही, पण दर ४ केबीमागे ४ केबी मेमरी लागते आणि तीही मेमरी कमी असण्याच्या क्षणी, कारण राइटबॅक बऱ्याचदा तेव्हाच धावते. साधे अलोकेशन केले तर मेमरी मोकळी होण्यासाठी राइटबॅक हवे आणि राइटबॅकसाठी मेमरी हवी, असा डेडलॉक होतो. प्रत काढायचीच असेल तर मेमपूल (मेमरीचा साठा) आधी राखून ठेवा आणि अलोकेशन जीएफपी_नोएफएस (मेमरी शोधताना फाइलसिस्टिममध्ये न शिरणारे) किंवा त्याहून कडक ठेवा.

जर्नलमधल्या (बदल आधी नोंदवून ठेवणाऱ्या वहीतल्या) मेटाडेटासाठी प्रत योग्य. जेबीडी२ (कर्नलमधली जर्नलची यंत्रणा) गोठवलेली प्रत ठेवते ती याचसाठी: चालू ट्रॅन्झॅक्शनला ब्लॉक बदलायचा असतो आणि मागच्याला जुना मजकूर लिहायचा असतो. मोठ्या फाइलच्या साध्या डेटासाठी थांबणेच स्वस्त पडते.

नोंदीची रेस: लांब लॉक की क्रमांकाची फेरतपासणी

ही सर्वांत फसवी. लिहिणाऱ्याने एक्स्टेंटची (डिस्कवरच्या सलग ब्लॉकांच्या पट्ट्याची) नोंद घेतली: ‘इथे जागा राखीव आहे, पण अजून लिहिलेली नाही.’ त्याने पेज लॉक करण्याआधी राइटबॅकने तिथला आधीचा डर्टी मजकूर डिस्कवर पोचवला, एक्स्टेंट ‘लिहिलेला’ झाला आणि पेज कॅशमधून बाहेर गेले. लिहिणारा जुन्या नोंदीवर विसंबून नवे पेज शून्यांनी भरतो आणि आपले थोडे बाइट त्यात टाकतो. बाकीचा खरा मजकूर गेला.

एक्स्टेंटचा लॉक पूर्ण लेखनभर धरला तर ही रेस मिटते, पण राइटबॅकलाही तोच लॉक हवा असतो, त्यामुळे लॉकचा क्रम उलटून डेडलॉक होण्याचा धोका येतो. त्यापेक्षा क्रमांक बरा. एक्स्टेंटमध्ये बदल झाला की क्रमांक वाढवायचा. लिहिणाऱ्याने नोंदीबरोबर क्रमांक घ्यायचा, फोलिओ लॉक केल्यावर तो पुन्हा ताडायचा आणि जुळला नाही तर नोंद टाकून नवी घ्यायची. एक्सएफएस या फाइलसिस्टिममध्ये आणि आयओमॅपमध्ये २०२२ च्या अखेरीस हाच उपाय केला गेला. तपासणी फोलिओ लॉकच्या आतच हवी. बाहेर केली तर फट तशीच राहते.

फोलिओ लॉक केल्यावर तो अजून त्याच फाइलच्या मॅपिंगमध्ये आहे ना, हेही बघावे लागते. मधल्या काळात ट्रंकेटने (फाइल लहान करण्याच्या क्रियेने) तो काढलेला असू शकतो. शिवाय लॉक हातात असताना वापरकर्त्याच्या मेमरीतून कॉपी करताना पेजफॉल्ट (मेमरीत नसलेले पेज मध्येच आणणे) बंद हवेत. तो मजकूर त्याच पेजच्या एमएमॅपमधून (फाइल थेट मेमरीत जोडून) येत असेल तर स्वतःच्याच लॉकवर अडकाल. कॉपी अर्धवट झाली तर तेवढी धरून पुन्हा फेरी मारा.

उपाय लागला का, ते बघणे

फट रुंद केल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. डीएम-डिलेने लेखनाला २०० मिलिसेकंद उशीर लावा, ब्लॉक १ केबीचा ठेवा, कारण ४ केबीच्या पेजवर ४ केबीचा ब्लॉक असेल तर एका पेजमध्ये एकच बफर उरतो आणि अनेक बफरांची रेस दिसतच नाही. एफएसएक्स (फाइलवर यादृच्छिक क्रिया करणारी चाचणी) चालवा, मधून मधून सिंक करून कॅश रिकामी करा. दुरुस्तीआधीच्या कोडवर हीच मांडणी बिघाड दाखवत नसेल तर दुरुस्तीनंतरचे ‘पास’ निरर्थक आहे.

लॉकडेपला (लॉकचा क्रम तपासणाऱ्या कर्नलच्या साधनाला) बफर लॉक आणि फोलिओ लॉक दिसत नाहीत, ते बिट-लॉक आहेत. त्यांचा क्रम तुम्हालाच वाचून पडताळावा लागेल. केसीसॅन (कर्नलमधल्या डेटा-रेस शोधणारा तपासनीस) फ्लॅगच्या रेस चांगल्या पकडतो, पण नोंदीच्या रेसमध्ये प्रत्येक वाचन लॉकखाली झालेले असते, म्हणून तिथे तो गप्प राहतो. त्याचा इशारा बंद करण्यासाठी ‘डेटा_रेस’ची खूण लावण्याआधी, ते वाचन चुकीचे आले तर पुढे कोणता निर्णय बदलतो हे कॉमिट संदेशात लिहा. लिहिता येत नसेल तर खूण लावू नका.