ठोकलेली एमजीबी: घ्यावी का, आणि विकायची तर कशी

ब्रिटनमध्ये 'दुरुस्तीयोग्य' म्हणून विकायला येणाऱ्या जुन्या स्पोर्ट्‌स गाड्यांत एमजीबी हा सगळ्यांत कमी डोकेदुखीचा सौदा आहे. 1962 ते 1980 या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डन गावच्या कारखान्यात पाच लाखांच्या आसपास बनल्या, आणि आजही मडगार्डापासून रबरी बुशपर्यंत बहुतेक सगळं नवं मिळतं. पुढून ठोकलेल्या गाडीला पाचपैकी चार गुण, मागून ठोकलेलीला तीन. बाजूने ठोकलेल्या रोडस्टरला (उघड्या टपाच्या गाडीला) एक, आणि तोही सुट्या भागांसाठी.

पुढच्या माराची भीती कमी, कारण पुढचे मडगार्ड बोल्टने बसवलेले असतात. विंडस्क्रीनच्या पायाशी असलेले बोल्ट गंजून छळतात, पण वेल्डिंग लागत नाही. खरा खर्च मडगार्डाच्या आत दडलेला असतो. या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याच्या खोक्यातूनच निघालेल्या दोन रेलवर पुढचा क्रॉसमेंबर (आडवी लोखंडी तुळई) चार लांब बोल्टांनी टांगलेला असतो. स्टिअरिंगची रॅक, स्प्रिंगा, धक्के शोषणारे डॅम्पर सगळं त्याच्यावर. चाकाला मार बसला असेल तर खालचे विशबोन (चाक धरणारे हात) आणि किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती खुंटी) वाकतात. हे भाग स्वस्त आहेत, बिनधास्त बदला. डॅम्पर मात्र नीट बघा: त्याचा हात हाच वरचा विशबोन असल्यामुळे तो किंचित वाकला तरी चाकाचा कोन बिघडतो. चार बोल्टांची भोकं लांबट झाली असतील किंवा रेलच्या पत्र्याला सुरकुती पडून रंग उडाला असेल, तर काम जिगवर (ढाचा घट्ट धरून सरळ करायच्या चौकटीवर) जाणार असं समजा आणि किंमत त्या हिशोबाने पाडा.

खाली वाकायच्या आधी दारं बघा. पुढचं मडगार्ड आणि दार यांच्यातली फट बोल्ट सैल करून हवी तशी जुळवता येते, म्हणून तो पुरावा धरू नये. दाराची मागची कड आणि मागचं मडगार्ड यांच्यातली फट इतक्या सहज फसवता येत नाही, कारण तिथलं मडगार्ड वेल्ड केलेलं असतं. बिजागरीचा खांब मागे सरकला की दार तिथे घासतं. मग टेप काढा: पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर 91 इंच, दोन्ही बाजूंना सारखं हवं. चाकं सरळ ठेवून मोजा, नाहीतर आकडे उगाच घाबरवतात.

1974 च्या उत्तरार्धानंतरच्या काळ्या रबरी बंपरच्या गाड्यांशी सावध राहा. रबराच्या आत जाड लोखंडी सांगाडा आहे. रबर उसळून जागेवर येतं आणि त्यामागचा रेल मुडपलेला राहतो. फोटोत गाडी धडधाकट!

इंजिनाबाबत विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: ठोकल्यानंतर गाडी चालू केली होती का? इंजिनाचं तेल थंड करणारा ऑइल कूलर रेडिएटरच्याही पुढे असतो, पहिला दणका त्यालाच. कूलर फुटलेला असताना 'घरापर्यंत आणली' म्हणजे बेअरिंगांची वाट लागली असण्याची शक्यता मोठी. पुढून मार बसलेली गाडी स्टार्टरने फिरवू नये. आधी क्रँकच्या पुलीच्या बोल्टाला पाना लावून इंजिन हाताने पूर्ण फिरतं का, पंखा रेडिएटरमध्ये रुतलाय का, ते पाहावं.

बाजूच्या माराला एक गुण का? रोडस्टरला छप्पर नाही, सगळा ताण दाराखालच्या सिलवर. सिल तीन-चार पत्र्यांचा बंद डबा असतो आणि ठोकर बसली की जुना गंज उघडा पडतो. बरेचदा वरून नुसता झाकणाचा पत्रा मारलेला सापडतो. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी पट्टी वेल्ड केली नाही, तर खोकं मध्यभागी खचतं आणि दार पुन्हा कधीच लागत नाही. 1988 पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज नवी खोकी बनवते. पण खोकं, रंग आणि जोडणी मिळून होणारा खर्च तयार गाडीच्या किमतीला सहज मागे टाकतो.

कागदपत्रं. 1 ऑक्टोबर 2017 पासून विमा कंपन्या ठोकलेल्या गाड्यांच्या गटांसाठी चार अक्षरं वापरतात. ए म्हणजे पूर्ण चुरा. बी म्हणजे भाग काढा, खोकं चिरडा. एस म्हणजे ढाच्याला मार पण दुरुस्तीयोग्य. एन म्हणजे ढाचा शाबूत. बी गटातली गाडी 'प्रोजेक्ट' म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर तिथूनच परता. एस गाडीसाठी डीव्हीएलए या वाहन नोंदणी खात्याकडून नवं व्ही-फाइव्ह-सी (नोंदणीचं कागद) घ्यावं लागतं, आणि तो शिक्का दुरुस्तीनंतरही राहतो. शिवाय चाळीस वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांना एमओटी (वार्षिक सुरक्षा तपासणी) माफ असल्यामुळे दुरुस्त झालेली एमजीबी कोणी न तपासताही रस्त्यावर येऊ शकते. म्हणून ठोकून दुरुस्त केलेली गाडी घेताना स्वखुशीने करून घेतलेली ताजी एमओटी मागाच.

विकणाऱ्यांसाठी: विम्याचा आकडा मान्य करण्याआधी 'गाडी मीच ठेवली तर किती कापणार' हे लेखी घ्या. ठरलेल्या किमतीच्या क्लासिक पॉलिसीत ही सोय बरेचदा असते, आणि लिलावाच्या आवारात गेलेल्या गाडीपेक्षा घरून विकलेलीला खात्रीचं गिऱ्हाईक मिळतं. मडगार्ड उतरवून रेलचे फोटो टाका. लपवलेल्या रेलची किंमत गिऱ्हाईक सगळ्यांत वाईट धरूनच लावतं. गटाचं अक्षर, ओव्हरड्राइव्ह (गिअरबॉक्सचा जादा उंच गिअर) चालतो का आणि इंजिन हाताने फिरतं का, हे पहिल्या तीन ओळींत लिहा. ट्रेलरवर चढवण्याआधी पेट्रोल काढा आणि बॅटरी सोडवा. ती बॉनेटखाली शोधू नका: सीटच्या मागे झाकणाखाली असते, आणि जुन्या गाड्यांत सहा-सहा व्होल्टच्या दोन असतात.