डबक्यातल्या झिंग्यांसाठी हातजाळी: कापड चांगलं, कडं चुकीचं

मासेमारीच्या सामानाच्या दुकानात मिळणारी 250 मायक्रॉन, म्हणजे पाव मिलिमीटर छिद्रांच्या नायलॉनची गोल हातजाळी विदर्भातल्या पावसाळी डबक्यांसाठी घ्यावी का? घ्यावी, पण दोन दुरुस्त्या करूनच वापरावी.

कापडाबद्दल तक्रार नाही. फेअरी श्रिंप, म्हणजे पाठीवर उलटे पोहणारे पारदर्शक झिंगे, वाढले की साधारण दीड-दोन सेंटीमीटरचे होतात आणि जाळीत सहज येतात. नुकती फुटलेली पिल्लं मात्र काही निसटतात. त्यांच्यासाठी 100 मायक्रॉनचं कापड घ्याल, तर काळ्या मातीच्या गढूळ पाण्यात ते दोन फेऱ्यांत बुजतं. पाणी आरपार जाईना झालं की जाळीपुढे फुगवटा येतो आणि झिंगे बाजूने निघून जातात. जाळी मीटरभर सावकाश ओढा, उचला, बाहेरून पाणी मारून पांढऱ्या ताटात उलटी करा. पाणी साचल्यावर आठ ते पंधरा दिवसांत जावं.

कडं गोल आहे, हीच अडचण. ट्रायॉप्स, म्हणजे पाठीवर ढालीसारखं कवच असलेले त्यांचे भाऊबंद, आणि शिंपल्यासारख्या दोन झडपांचे क्लॅम श्रिंप तळाशी असतात. बैलगाडीच्या चाकोरीतल्या वीतभर पाण्यात गोल कडं एकाच जागी टेकतं आणि दोन्ही बाजूंनी वाट मोकळी राहते. लोखंडी सळईचं कडं असेल तर एक बाजू ठोकून सपाट करून घ्या. तळ मात्र खरवडू नका. अंड्यांचा साठा चिखलाच्या वरच्या दोन-तीन सेंटीमीटरांतच असतो, पुढच्या पावसाची पिढी तिथूनच येते. त्याच जागी शेततळं खोदलं, मुरूम टाकला किंवा मासे सोडले की ती पिढी संपते.

सगळ्यांत वाईट आहे ती शिवण. कापड कड्यावर दुहेरी दुमडलंय, त्या पट्टीत चिखल आणि 0.2 मिलिमीटरच्या आसपासची अंडी अडकतात. ती वर्षानुवर्षं कोरडी राहूनही जिवंत असतात, त्यामुळे जाळी उन्हात वाळवून काहीच साधत नाही. तीच जाळी दुसऱ्या गावच्या डबक्यात बुडवली, तर तिथली मूळ जात कोणती हे पुढे कळणार नाही. दुमड उसवून कापड एकेरी बांधा, जाळी त्याच डबक्याच्या पाण्यात ब्रशने घासा. शक्य असेल तर प्रत्येक गावाला वेगळी जाळी ठेवा.

जात ओळखण्यासाठी नर लागतो: स्ट्रेप्टोसिफॅलस या फेअरी श्रिंपच्या गटात मादीला पकडायच्या त्याच्या डोक्यावरच्या फांद्या फुटलेल्या शृंगिका पाहाव्या लागतात. दोन नर अल्कोहोलमध्ये ठेवा. पायांमागे अंड्यांची पिशवी असलेल्या माद्या लगेच परत सोडा, ताटातलं पाणी उन्हात पटकन तापतं.