किकस्टार्टर आणि छोटे अवकाश प्रकल्प: वर्गणीदाराच्या बाजूने परीक्षण

हौशी मंडळींच्या उपग्रहाला हातभार लावायचा असेल, तर लोकांच्या वर्गणीतून प्रकल्पांसाठी पैसे उभे करणारा किकस्टार्टर हा इंटरनेटवरील मंच कितपत उपयोगी पडतो, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे. पैशांचा व्यवहार चोख आहे. ठरलेले उद्दिष्ट गाठले गेले नाही तर कोणाच्याही खात्यातून पैसे जात नाहीत आणि गाठले गेले तर जमलेल्या रकमेतील 5 टक्के मंच ठेवून घेतो, व्यवहारशुल्क वेगळे. मात्र रक्कम प्रकल्पकर्त्यांच्या हाती पडली की मंचाची जबाबदारी जवळजवळ संपते, आणि प्रक्षेपकावर जागा मिळवणे, रेडिओ परवाना काढणे, कंपन आणि निर्वात चाचण्या पार पाडणे ही खरी कठीण कामे तर त्यानंतरच पुढे उभी राहतात.

कॉर्नेल विद्यापीठातील झॅक मँचेस्टर यांनी 2011 मध्ये येथे मांडलेला किकसॅट हा छोटा उपग्रह मला या मंचावरचा सर्वांत मोलाचा प्रकल्प वाटतो. साडेतीन सेंटिमीटर बाजूची, जेमतेम काही ग्रॅम वजनाची एक चौकोनी पाटी, तिच्यावर सौरघट, सूक्ष्मनियंत्रक आणि रेडिओ: असे शंभरावर ‘स्प्राइट’ पोटात घेऊन तो एप्रिल 2014 मध्ये कक्षेत गेला. स्प्राइट सोडण्याची वेळ येण्याच्या काही दिवस आधीच त्याचे मुख्य घड्याळ, बहुधा किरणोत्सारामुळे, पुन्हा शून्यावर आले. त्यामुळे स्प्राइट सोडण्याची वेळ पुढे गेली, आणि ती नवी वेळ येण्यापूर्वीच उपग्रह वातावरणात शिरून जळून गेला. चूक कोठे झाली हे प्रकल्पकर्त्यांनी वर्गणीदारांना उघडपणे सांगितले, आणि मार्च 2019 मध्ये किकसॅट-2 ने स्प्राइट खरोखरच सोडले व त्यांचे संदेश जमिनीवर ऐकू आले. वर्गणीदाराने अपेक्षा ठेवावी ती अशा चिकाटीची.

प्लॅनेटरी रिसोर्सेस या कंपनीने 2013 मध्ये याच मंचावर सर्वसामान्यांसाठी अवकाश दुर्बीण उभारण्याकरिता सुमारे 15 लाख डॉलर गोळा केले. पुढे मोठा गुंतवणूकदार न मिळाल्याने 2016 मध्ये प्रकल्प थांबवून पैसे परत करण्याचे जाहीर केले. हा कंपनीचा चांगुलपणा होता. तशी परतफेड करवून घेण्याची यंत्रणा मंचाकडे नाही, आणि हाच मला त्याचा सर्वांत मोठा दोष वाटतो.

लाइटसेल-2 या उपग्रहाचे सौरशीड, म्हणजे सूर्यप्रकाशाच्या दाबाने उपग्रहाला ढकलणारे पातळ शीड, जुलै 2019 मध्ये कक्षेत उलगडले, त्या प्रकल्पाला 2015 मध्ये येथूनच 12 लाख डॉलरांहून अधिक रक्कम मिळाली होती. पण लाइटसेल उपक्रमाचा एकूण खर्च सुमारे 70 लाख डॉलर होता आणि उरलेला भार हा उपक्रम चालवणाऱ्या प्लॅनेटरी सोसायटी या संस्थेचे सभासद व देणगीदार यांनी उचलला. म्हणून प्रकल्पाच्या पानावर एकूण खर्च, त्यातील वर्गणीचा वाटा आणि प्रक्षेपणाची व्यवस्था स्पष्ट लिहिलेली नसेल, तर पैसे देण्यापूर्वी प्रकल्पकर्त्यांना तसे थेट विचारावे. मंचावर त्यांना संदेश पाठवण्याची सोय आहे. प्रक्षेपणाबाबत उत्तर मोघम आले, तर हात आखडता घेतलेला बरा.