विंडोज १० संपले: नवा संगणक, लिनक्स-वाईन की रिॲक्टओएस?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. तेव्हापासून कणकवलीतल्या माझ्या दुरुस्तीच्या टेबलापाशी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. देवगडच्या एका बागायतदार काकांनी तो सरळ विचारला : "मशीन बरा चालता, मगे बदलूचा कित्याक?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र मशीनकडे बघून मिळत नाही, त्यावर चालणाऱ्या प्रोग्रामकडे बघून मिळते. तुमचा प्रोग्राम अजून चालता आहे की थांबलेला, म्हणजे त्याच्या नव्या आवृत्त्या येतात की बनवणाऱ्याने हात केव्हाच काढून घेतलाय, हे आधी ठरवा. वाटा तीन आहेत : नवे विंडोज, विंडोजऐवजी चालणारी मुक्त सिस्टीम लिनक्स (तिच्यावर विंडोजचे प्रोग्राम चालवायला वाईन), किंवा विंडोजसारखीच मुक्त सिस्टीम रिॲक्टओएस. त्यांची सगळी तुलना मी याच एका गोष्टीवर करणार आहे.

विंडोजमध्येच राहायचे असेल तर

विंडोज ११ ला टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. संगणकाचा डबा २०१७ च्या आधीचा असेल तर तो यात बसत नाही. अटी चुकवून विंडोज ११ टाकून देणारे लोक आहेत, पण पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. धंद्याच्या मशीनवर मी हे करत नाही.

घरगुती वापरासाठी विंडोज १० चे सुरक्षा-अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून मिळतात. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की त्याला पैसेही पडत नाहीत. ही सवलत विचार करायला वेळ देते, त्यापलीकडे काही नाही.

लिनक्स आणि वाईन

इथे जरा थांबतो, कारण सर्वात जास्त गैरसमज इथेच आहेत. लोकांना वाटते की नवे विंडोज आले म्हणजे वाईन मागे पडले. प्रत्यक्षात तसे होत नाही.

विंडोजचा प्रोग्राम सतत सिस्टीमकडे काहीतरी मागत असतो : खिडकी उघड, फाईल साठव, अक्षर काढ. वाईन त्या मागण्या स्वतः ऐकते आणि लिनक्सकडून पुऱ्या करून घेते. हे काम १९९३ पासून चालू आहे आणि १.० आवृत्ती यायला २००८ उजाडले. नवे विंडोज येते तेव्हा नव्या मागण्यांची भर पडते, जुन्या बहुतेक तशाच राहतात. म्हणून काल वाईनवर चालणारा प्रोग्राम विंडोज ११ आले म्हणून आज बंद पडत नाही. एखादा प्रोग्राम जुन्याच विंडोजवर चालायचा हट्ट धरत असेल, तर फक्त त्याच्यापुरते विंडोज एक्सपी किंवा ९८ असल्याचे वाईनच्या सेटिंगमध्ये सांगता येते.

अडचण वेगळ्या वाटेने येते. प्रोग्राम बनवणारा पुढची आवृत्ती काढतो, तीत नव्या विंडोजच्या मागण्या वापरतो, आणि वाईनला त्या शिकायला वेळ लागतो. म्हणजे चालत्या प्रोग्रामाच्या मागे वाईनला कायम धावावे लागते. थांबलेल्या प्रोग्रामाला तिने एकदा गाठले की काम झाले.

देवगडच्या काकांचेच बघा. वाशीच्या दलालाकडून येणाऱ्या पट्ट्या, पेट्यांचा हिशेब, मजुरी, सगळे विंडोज ९५ च्या काळात कोणीतरी लिहून दिलेल्या १६-बिट, म्हणजे फार जुन्या पद्धतीच्या, प्रोग्रामात. लिहिणारा आता संपर्कात नाही. त्यांच्या डब्यात ३२-बिट विंडोज १० होते, म्हणून तो इतकी वर्षे चालला. विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्ये येते आणि ६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्राम चालवतच नाही. काकांनी नवा संगणक घेतला असता तर पैसे खर्चून स्वतःचाच हिशेब उघडता आला नसता. त्याच जुन्या डब्यात मी लिनक्स मिंट २२ (लिनक्सचाच एक तयार प्रकार) टाकले, वर वाईन बसवली, आणि प्रोग्राम उघडला. मोहोराच्या फवारणीपासूनच्या सगळ्या नोंदी जागच्या जागी दिसल्या तेव्हा काकांइतकाच आनंद मला झाला. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत.

आता वाईनला काय जमत नाही ते. ती प्रोग्राम चालवते, हार्डवेअरचे विंडोज ड्रायव्हर, म्हणजे यंत्राशी बोलणारे छोटे प्रोग्राम, चालवत नाही. मराठी डीटीपीच्या (छपाईची पाने मांडणाऱ्या) सॉफ्टवेअरचे यूएसबी लॉक, अंगठ्याचे बायोमेट्रिक यंत्र, डिजिटल सहीचे टोकन, या प्रत्येकाला लिनक्सचा स्वतंत्र ड्रायव्हर लागतो. तो आहे का हे विक्रेत्याला विचारल्याशिवाय पाऊल उचलू नका. प्रिंटरचेही तसेच. एचपीच्या बऱ्याच प्रिंटरना लिनक्सवर चांगला आधार आहे, काही कंपन्यांचे जुने लेझर प्रिंटर मात्र दिवसभर छळतात.

आणखी एक बारीक गोष्ट : मंगल फॉन्ट मायक्रोसॉफ्टचा. तो लिनक्सवर नसतो, त्यामुळे एका पानाचा अर्ज लिबरऑफिस या वर्डसारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये दीड पानावर जातो. नोटोसारखा मुक्त देवनागरी फॉन्ट विंडोज आणि लिनक्स अशा दोन्ही मशीनवर टाका आणि त्यातच टाईप करा.

रिॲक्टओएस

याचा हेतू मला मनापासून आवडतो. लिनक्सचा आधार न घेता विंडोजसारखीच मुक्त सिस्टीम मुळापासून लिहायची, जिच्यावर विंडोजचे प्रोग्रामही चालतील आणि ड्रायव्हरही. १९९६ ला सुरू झालेल्या प्रयत्नातून ती उभी राहिली. वाईनचा बराच भाग ती वापरते. ०.४.१५ ही आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली आणि अजूनही तिचे बनवणारे तिला प्राथमिक अवस्थेतलीच म्हणतात.

नव्या विंडोजचा खरा फटका बसतो तो हिला. तिचे लक्ष्य विंडोज सर्व्हर २००३ आहे. त्यानंतरच्या विंडोज व्हिस्टापासून डिस्प्ले ड्रायव्हरची रचनाच बदलली, आणि पुढे कंपन्यांनी एक्सपीच्या काळातले ड्रायव्हर करणे सोडले. त्यामुळे दुकानात आज मिळणाऱ्या यंत्राचा ड्रायव्हर तिच्यासाठी सापडणे कठीण. ब्राउझरचेही तेच : एक्सपी आणि सर्व्हर २००३ वर चालणारा शेवटचा फायरफॉक्स ५२ होता. त्यावर बँकेचा व्यवहार करू नये. शिकण्यासाठी, एखादे जुने यंत्र इंटरनेटशिवाय जिवंत ठेवण्यासाठी ती जरूर टाकून बघा. गल्ल्यावरच्या संगणकात ती टाकायला मी कोणाला सांगणार नाही.

विंडोज आणि लिनक्स शेजारी ठेवले तर

राजापुरातल्या एका झेरॉक्स-डीटीपीवाल्यांना मी मधला मार्ग सुचवला. लग्नपत्रिका, लॉक असलेले डीटीपी आणि बायोमेट्रिक यांसाठी एक नवे विंडोज ११ चे मशीन. ही सगळी चालती कामे. जुन्या डब्यावर मिंट : सातबारा काढणे, ऑनलाइन अर्ज, झेरॉक्सच्या प्रिंट. खर्च एका मशीनचा, कामे दोन मशीनची.

पण नव्या विंडोजचा धक्का अशा जोडीला बसतो. विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटपासून प्रो आवृत्ती शेअर केलेल्या फोल्डरशी सही केलेलीच (समोरचे मशीन खरे आहे हे तपासता येणारी) जोडणी मागते, आणि पासवर्डशिवायच्या पाहुण्या जोडणीवर सही होऊ शकत नाही. त्यामुळे लिनक्सवर सांबाने (विंडोजशी फोल्डर शेअर करणाऱ्या प्रोग्रामने) उघडा ठेवलेला फोल्डर विंडोजवरून अचानक उघडेनासा होतो. लिनक्स बिघडले असे समजून लोक ते काढून टाकतात. उपाय पाच मिनिटांचा आहे : सांबात एक वापरकर्ता करा, त्याला पासवर्ड द्या, विंडोजवर एकदा तो टाका.

एकाच डिस्कवर दोन्ही सिस्टीम ठेवण्याचा सल्ला मात्र मी आता देत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा-अपडेटनंतर अशा कित्येक मशीनवर लिनक्स सुरूच होईना. ज्यांना दोन्ही हवे त्यांनी दोन डबे ठेवावेत.

मालवण-तारकर्लीकडे होमस्टे चालवणाऱ्यांची गोष्ट सोपी. बुकिंग, मेल, जीएसटीचे पोर्टल, सगळे ब्राउझरात. त्यांना वाईनही लागत नाही, नुसते मिंट पुरते.

करायचे असेल तर हापूसचा हंगाम संपल्यावर, जूनच्या आसपास करा, एप्रिलमध्ये नको. आधी सगळ्या फाईल्स वेगळ्या डिस्कवर घ्या. मग मिंटचा पेनड्राइव्ह लावून, काहीही न पुसता, त्यावरूनच मशीन चालू करा. इंटरनेट जोडले जाते का, तुमच्याच प्रिंटरवर एक पान नीट निघते का ते बघा. पान निघाले नाही तर पेनड्राइव्ह काढा, विंडोज आत आहे तसेच असते.