लिनक्स कुठे बसवायचं: विंडोजच्याच डिस्कवर, वेगळ्या एसएसडीवर की विंडोजच्या पोटात?

लॅपटॉपवर विंडोज ११ आहे, टॅली किंवा ऑफिसचं व्हीपीएन त्यावरच चालतं म्हणून ते काढता येत नाही, आणि अभ्यासासाठी किंवा कामासाठी लिनक्स तर हवंच आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात ‘डबल ओएस मारून देतो’ म्हणणारे पावलोपावली भेटतात. मारून देणं तासाभराचं काम. सहा महिन्यांनी विंडोजचा अपडेट आला आणि कुठली सिस्टीम सुरू करायची ते विचारणारा बूट मेन्यू गायब झाला, किंवा लिनक्समध्ये नवं सॉफ्टवेअर टाकताना ‘पब्लिक की (सॉफ्टवेअरवरची सही पडताळायची किल्ली) सापडत नाही’ असं लाल अक्षरांत आलं, तर ते कोण निस्तरणार? निवड करताना हाच प्रश्न आधी विचारावा. जागा आणि वेग यांचा हिशेब नंतर.

एकाच डिस्कवर दोन्ही

खर्च शून्य, म्हणून बहुतेक जण इथेच येतात. चुकायला सगळ्यात जास्त जागाही इथेच आहेत.

पहिली बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन. ‘आमच्याकडे होम एडिशन आहे, आम्हाला काय त्याचं’ असं समजू नका. होममध्येही ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ नावाने तेच असतं आणि नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बहुधा आपोआप चालू होतं. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली बघा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. फोटो काढून त्याच लॅपटॉपवर ठेवण्यात काही अर्थ नाही. सिक्युअर बूट (सही असलेलीच सिस्टीम सुरू होऊ देणारं सेटिंग) किंवा बूटचा क्रम बदलला की विंडोज हीच की मागू शकतं, आणि ती नसेल तर डेटा गेला.

दुसरी म्हणजे विंडोजच्या ड्राइव्हचा आकार कमी करणं, म्हणजेच श्रिंक. हे काम विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मधूनच करा, लिनक्सच्या इन्स्टॉलरवर सोडू नका. बऱ्याचदा ड्राइव्हवर २०० जीबी मोकळे दिसतात, पण श्रिंक करायला १५ च मिळतात. कारण पेजफाइल, हायबरनेशनची फाइल आणि रिस्टोअर पॉइंट मध्येच ठाण मांडून बसलेले असतात आणि ते सरकवता येत नाहीत. तिन्ही तात्पुरते बंद करून रीस्टार्ट करा, मग पुन्हा बघा. लिनक्सला ६० जीबी पुरतात. डॉकर किंवा अँड्रॉइड स्टुडिओ वापरणार असाल तर १०० धरा.

तिसरी फास्ट स्टार्टअप. ते चालू असेल तर ‘शटडाउन’ म्हणूनही विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं. मग लिनक्समधून सी ड्राइव्ह एकतर उघडत नाही, नाहीतर फक्त वाचता येतो. जबरदस्तीने लिहायला गेलात तर फाइल सिस्टीम बिघडू शकते. ते कायमचं बंद करा.

काही इंटेल लॅपटॉपवर इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. तिथे स्टोरेज इंटेलच्या आरएसटी किंवा रेड (आरएआयडी) मोडमध्ये असतं आणि बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, ते एएचसीआय या साध्या मोडवर आणावं लागतं. पण सरळ बदललंत तर विंडोज निळ्या पडद्यावर अडकेल. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगा, मग बायोस बदला, एकदा सेफ मोडमध्ये जाऊन या आणि ती सक्ती काढून टाका.

सिस्टीम सुरू करायच्या फाइली ज्यात राहतात तो डिस्कचा छोटा भाग, म्हणजे ईएफआय पार्टिशन, विंडोजने अनेकदा १०० एमबीचंच केलेलं असतं. उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा या डिस्ट्रोंना (लिनक्सच्या प्रकारांना) तेवढं चालतं, कारण त्यांचे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, दुसरीकडे राहतात. पॉप ओएससारखं कर्नल ईएफआय पार्टिशनमध्येच ठेवणारं डिस्ट्रो तिथे मावत नाही.

एवढं सगळं नीट केलं तरी शेजार विंडोजचाच. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने जुन्या बूटलोडरांना (सिस्टीम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमांना) मज्जाव करणारी यादी फर्मवेअरमध्ये टाकली आणि अनेक ड्युअल बूट मशिनांवर ‘एसबॅट सेल्फ-चेक फेल्ड’ असं येऊन लिनक्स उठेनासं झालं. उपाय साधा होता: सिक्युअर बूट बंद करायचं, लिनक्समध्ये मोकयूटिल ही कमांड वापरून ती यादी पुसायची, शिम (लिनक्सचा पहिला बूटलोडर) हे पॅकेज अद्ययावत करायचं आणि सिक्युअर बूट परत चालू करायचं. पण परीक्षेच्या आदल्या रात्री हा उपाय कुणाला आठवतो?

दुसरी एसएसडी

लॅपटॉपमध्ये एसएसडी बसवायचा रिकामा एम.२ स्लॉट असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: हेच करा. विंडोजची डिस्क जशीच्या तशी राहते, श्रिंकची भानगड नाही, आणि उद्या एक सिस्टीम बिघडली तरी दुसरी बूट मेन्यूतून उठते. तो मेन्यू डेल आणि लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एफ९, एसूसवर एस्केप दाबून येतो.

दुकानात जाण्याआधी मागचं झाकण उघडून तीन गोष्टी बघा. स्लॉटची लांबी २२८० आहे की २२४२. तो एनव्हीएमई प्रकारची एसएसडी घेतो की फक्त साटा प्रकारची. आणि एसएसडी दाबून धरणारा बारीक स्क्रू जागेवर आहे का. रिकाम्या स्लॉटवर तो स्क्रू बऱ्याचदा नसतोच आणि एसएसडीच्या डब्यात येईलच असंही नाही. दुकानातच मागून घ्या, नाहीतर तेवढ्यासाठी लॅमिंग्टन रोडची दुसरी फेरी होते.

इथे एकच खरा सापळा आहे. मिंटचा जुन्या घाटाचा इन्स्टॉलर, तुम्ही बूटलोडरसाठी दुसरी डिस्क निवडली तरी, पहिल्या डिस्कचं ईएफआय पार्टिशन वापरतो. म्हणजे पैसे दोन डिस्कचे आणि गुंता एका डिस्कचा. इन्स्टॉल करताना विंडोजची डिस्क बायोसमधून बंद ठेवा, ती सोय नसेल तर स्क्रू काढून डिस्कच बाजूला ठेवा. नंतर ग्रबच्या (लिनक्सच्या बूटलोडरच्या) मेन्यूत विंडोज दिसलं नाही तर घाबरू नका. ग्रबच्या नव्या आवृत्त्यांत दुसऱ्या सिस्टीमचा शोध मुळातच बंद ठेवलेला असतो. ग्रबच्या डिफॉल्ट फाइलमध्ये ‘डिसेबल ओएस प्रोबर’ची किंमत फॉल्स करा आणि अपडेट-ग्रब चालवा.

डब्ल्यूएसएल

डब्ल्यूएसएल म्हणजे विंडोजच्या पोटातच लिनक्स चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय. पायथॉन, गिट, डॉकर, सर्व्हरची तयारी एवढंच करायचं असेल तर डिस्क फोडायची गरजच नाही. एक कमांड, एक रीस्टार्ट, आणि उबुंटू विंडोजच्या आत चालू. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम हे सर्किट आखायचं सॉफ्टवेअर तर थेट विंडोजवरही येतं, नुसत्या त्यासाठी ड्युअल बूट कशाला? पण डब्ल्यूएसएल२ ठरावीक सेटिंगवर निम्म्या रॅमपर्यंत हात मारू शकतं, त्यामुळे ८ जीबीच्या मशीनवर दम लागतो. वाय-फाय कार्ड मॉनिटर मोडमध्ये घालणं, कर्नल मॉड्यूल लिहिणं, यूएसबीवरच्या बोर्डाशी खेळणं यासाठी ते एकतर चालत नाही, नाहीतर वेगळी जुळवाजुळव मागतं.

घड्याळ

यावर थोडं थांबायला हवं, कारण रिपॉझिटरीच्या (लिनक्स जिथून सॉफ्टवेअर उतरवतं त्या साठ्याच्या) कीची म्हणून आलेली तक्रार कधीकधी निव्वळ घड्याळाची असते.

विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ लिहितं, लिनक्स तिथे यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आहे असं धरून चालतं. फरक साडेपाच तासांचा. लिनक्समधून विंडोजमध्ये आलात की घड्याळ साडेपाच तास मागे दिसतं. उपाय दोन आहेत: लिनक्सला टाइमडेटसीटीएल या कमांडने स्थानिक वेळ पाळायला लावणं, किंवा विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘रिअलटाइम इज युनिव्हर्सल’ची किंमत १ करणं. यातला एकच करा. दोन्ही केलेत तर उलटा फरक पडतो आणि लिनक्स साडेपाच तास मागे जातं. मग ॲप्ट (उबुंटू, मिंट, डेबियनमध्ये सॉफ्टवेअर टाकणारी कमांड) म्हणतं, रिलीज फाइल, म्हणजे रिपॉझिटरीची सही केलेली यादी, ‘अजून वैध नाही’. कारण सकाळी सही झालेली फाइल तुमच्या मशीनच्या लेखी भविष्यातली असते. इंटरनेटवरून वेळ आपोआप सुधारायला हवी हे खरं, पण कॉलेजच्या नेटवर्कवर १२३ नंबरचा पोर्ट बंद असला की ती सुधारत नाही आणि वेब मात्र चालू राहतं.

लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला लावू नका असा सल्ला सगळीकडे मिळतो. त्यामागचं मोठं कारण उन्हाळी वेळेचं आहे. आपल्याकडे वर्षातून दोनदा घड्याळ फिरवत नाहीत, त्यामुळे मुंबईत हा सोपा उपाय खुशाल करा.

डब्ल्यूएसएलही यातून सुटलेलं नाही. लॅपटॉप झोपून उठला की त्याचं घड्याळ मागे राहू शकतं आणि नेमकी हीच चूक दिसते. डब्ल्यूएसएल पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केलं की भागतं. जुन्या मशीनवर तारीख थेट काही वर्षं मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय.

आणखी एक खोटी तक्रार: ‘क्लिअरसाइन्ड फाइल वैध नाही, नोस्प्लिट’. रेल्वे स्टेशनच्या किंवा हॉस्टेलच्या वाय-फायवर ओटीपीचं पान भरायच्या आधी ॲप्ट चालवलं की ते पानच रिलीज फाइल म्हणून हाती येतं. ब्राउझर उघडून लॉगिन करा. कीला हात लावू नका.

खरी कीची अडचण, आणि कुठलं डिस्ट्रो

‘नो पबकी’ आणि पुढे सोळा अक्षरं आली तर आधी रिपॉझिटरीचा पत्ता वाचा. डिस्ट्रोची स्वतःची असेल तर कीरिंगचं (कींच्या जुडग्याचं) पॅकेज पुन्हा टाका. बाहेरची असेल, आणि बहुतेक वेळा तीच असते, तर जुन्या व्हिडिओतला ॲप्ट-कीचा नुस्खा विसरा. त्या पद्धतीने टाकलेली की सगळ्याच रिपॉझिटऱ्यांसाठी विश्वासू ठरते. म्हणजे एका ब्राउझरच्या कीने सही केलेलं पॅकेज तुमच्या मूळ सिस्टीमच्या पॅकेजची जागा घेऊ शकतं. डेबियन १३ मध्ये तर ॲप्ट-की ही कमांडच उरलेली नाही.

योग्य रीत अशी. की कंपनीच्या स्वतःच्या एचटीटीपीएस पत्त्यावरून घ्या आणि ॲप्टच्या कीरिंग्ज फोल्डरमध्ये ठेवा. फाइल उघडल्यावर ‘बिगिन पीजीपी’ असं वाचता येत असेल तर फाइलच्या नावाचं शेपूट (एक्स्टेन्शन) एएससी, नाहीतर जीपीजी. शेपूट चुकलं तर ॲप्ट ती फाइल बाजूला टाकतं आणि तुम्हाला वाटतं की टाकलीच गेली नाही. परवानगी ६४४ द्या, कारण तपासणी ‘अंडरस्कोअर ॲप्ट’ नावाचा वेगळा युजर करतो, त्याला फाइल वाचता यायला हवी. मग रिपॉझिटरीच्या ओळीत ‘साइन्ड-बाय’ पुढे त्या फाइलचा पूर्ण पत्ता. ‘साइन्ड-बायच्या किमती जुळत नाहीत’ असं आलं तर एकच रिपॉझिटरी दोन फाइलींत नोंदली गेली आहे: एक तुम्ही हाताने केलेली, दुसरी पॅकेजने स्वतः केलेली. तुमची काढा. ‘ट्रस्टेड इज इक्वल टू यस’ लिहून सुटका करून घेणं म्हणजे कुलूप बिघडलं म्हणून दारच काढून ठेवणं.

उबुंटू २४.०४ वर बाहेरच्या रिपॉझिटऱ्यांचा त्रास सगळ्यात कमी, कारण बहुतेक कंपन्या आधी त्याच्यासाठीच पॅकेज बांधतात. एनव्हीडियाचा ड्रायव्हरही सही केलेला मिळतो, त्यामुळे सिक्युअर बूट चालू ठेवता येतं. मिंट २२ त्याच पायावर उभं आहे, पण बाहेरच्या रिपॉझिटरीच्या ओळीत मिंटचं ‘विल्मा’ हे नाव पडलं तर ‘रिलीज फाइल नाही’ असं येतं. तिथे उबुंटू २४.०४ चं ‘नोबल’ हे नाव लिहायचं. डेबियन १३ सगळ्यात कडक: सही तपासायला तिथे सिक्वोया हा प्रोग्रॅम आहे आणि एसएचए-१ या जुन्या, कमकुवत पद्धतीवर टेकलेल्या सह्या १ फेब्रुवारी २०२६ पासून त्याला चालत नाहीत. जुनी की कवटाळून बसलेल्या कंपनीचं सॉफ्टवेअर तिथे अडकतं आणि चूक तुमची नसते. फेडोरा पहिल्यांदा की घेताना तिचा ठसा (फिंगरप्रिंट) दाखवून हो-नाही विचारतं, ही पद्धत आम्हाला सगळ्यात प्रामाणिक वाटते. पण एका आवृत्तीचा आधार साधारण तेरा महिने, म्हणजे दरवर्षी अपग्रेड आलंच.

हॅकिंग-सुरक्षा चाचणीसाठीच्या काली या डिस्ट्रोकडे पहिलंच लिनक्स म्हणून वळणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की एप्रिल २०२५ मध्ये कालीच्याच लोकांच्या हातून रिपॉझिटरीची सही करणारी की गेली आणि प्रत्येकाला नवं कीरिंग हाताने उतरवून घ्यावं लागलं. हे ज्याला दोन मिनिटांत जमतं त्याने ते खुशाल घ्यावं.

सिक्युअर बूट चालू ठेवून डेबियन किंवा फेडोरावर एनव्हीडियाचा ड्रायव्हर टाकणार असाल तर त्याच्या सहीची की पासवर्ड ठरवून मोकयूटिलने नोंदवायला द्यावी लागते, आणि मग पुढच्या रीस्टार्टला निळ्या पडद्यावर ‘मोक मॅनेजमेंट’ येतं. तो दहा सेकंदच थांबतो. चहा ठेवायला उठलात तर की नोंदली जात नाही आणि ड्रायव्हर चढत नाही. तेवढा वेळ मशीनसमोर बसून राहा आणि आधी ठरवलेला पासवर्ड तिथे टाका.